गाडी जहाजावर चढवण्याआधी

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या मूळच्या नागपूरच्या. गेली नऊ वर्षं इंग्लंडच्या उत्तर भागात एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतात. त्रिमूर्तीनगरात आई एकटीच राहते, गुडघ्यांनी बेजार आहे, म्हणून येत्या दसऱ्याच्या सुमारास मुलाला घेऊन त्या कायमच्या नागपूरला परत येत आहेत. यजमान तिथली नोकरी आवरून मार्चमध्ये येतील. प्रश्न गाडीचा आहे. दीड लिटरची पेट्रोल हायब्रिड, पहिली नोंदणी डिसेंबर २०२३ ची. ताईंनी ती एप्रिल २०२४ मध्ये डीलरकडून घेतली. नवी असताना तिची किंमत ३०,००० पौंड होती आणि अजून सहा हजार पौंडांचे हप्ते बाकी आहेत. यजमानांचं म्हणणं, विकून ये. मामांच्या ओळखीच्या मुंबईच्या एजंटाचं म्हणणं, कायमचं परतणाऱ्यांना गाडी सवलतीत आणता येते, किंमत थोडी कमी दाखवू, बाकी कागद मी बघतो. आईने शेजारीपाजारी सांगूनही ठेवलं आहे की लेक आपली गाडी घेऊन येतेय. ताई लिहितात, ‘‘ही माझ्या एकटीच्या नावावर घेतलेली पहिली मोठी वस्तू आहे. विकली तर नऊ वर्षांनंतर हात हलवत परत आल्यासारखं वाटेल. आणू की विकू?’’

ताई,

आधी माझं मत सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. ही गाडी तिथेच विकून या. आता कारणं सांगते. ती नीट तपासून बघा, कारण पैसा तुमचा आहे आणि निर्णयही तुमचाच असायला हवा.

तुमचा सगळा बेत ‘सवलत’ या गोष्टीवर उभा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. कायमचं परतणाऱ्या माणसाला वापरलेल्या घरसामानावर, म्हणजे वॉशिंग मशीन, फ्रिज, टीव्ही अशा गोष्टींवर, कस्टम्समध्ये ठरावीक मर्यादेपर्यंत सूट मिळते, हे खरं आहे. पण मोटारगाडी त्या सामानात धरलीच जात नाही. गाडीच्या बाबतीत परतणाऱ्यांना मिळतं ते एवढंच, की आयातीचा परवाना न काढता स्वतःची एक गाडी आणायची मुभा. शुल्क पूर्ण भरायचं असतं. एजंट जेव्हा ‘सवलतीत’ म्हणतो तेव्हा त्याला विचारा, कुठल्या कलमाखाली आणि किती टक्के? उत्तर लेखी मागा. लेखी काही येणार नाही, असा माझा अंदाज आहे.

या मुभेलाही अटी आहेत. परदेशात सलग दोन वर्षं राहिलेलं असावं आणि गाडी तिथे किमान वर्षभर तुमच्या ताब्यात असावी, या दोन अटींत तुम्ही सहज बसता. स्टिअरिंग उजवीकडे हवं, तेही आहे. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला साजेसा हवा; इंग्लंडची गाडी असल्यामुळे तिथेही अडचण नाही. वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच उतरवता येते. नागपूरच्या कंटेनर डेपोत आणून इथेच सोडवून घेऊ, असं कुणी सांगत असेल तर ते विसरा.

खरी अडचण वयाची आहे. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि ही तीन वर्षं मोजायची ती कारखान्यात तयार झाल्याच्या तारखेपासून. तुम्ही पत्रात ‘गाडीला अजून तीन वर्षं व्हायची आहेत’ असं लिहिलं आहे ते नोंदणीचा डिसेंबर धरून. पण डिसेंबर २०२३ मध्ये नोंदलेली गाडी तयार कधी झाली? कारखान्यातून निघून, जहाजावर चढून, डीलरच्या आवारात उभी राहून मग ती पहिल्यांदा नोंदली जाते. यात काही महिने सहज जातात. ती २०२३ च्या सप्टेंबरात तयार झाली असेल, तर या दसऱ्याला मुंबईत पोचेपर्यंत तिची मुदत संपलेली असेल. मग कितीही शुल्क भरायची तयारी ठेवली तरी उपयोग नाही. तिथल्या लॉगबुकावर, म्हणजे व्ही-फाइव्ह-सी या कागदावर, पहिल्या नोंदणीची तारीख असते, त्यावर विसंबून राहू नका. चासी नंबर देऊन कंपनीकडून निर्मितीच्या तारखेचं पत्र मागवा. बाकी काही करण्याआधी हे एक पत्र मागवलंत तरी तुमचे कित्येक आठवडे वाचतील.

तोच लॉगबुकचा कागद जरा जवळून बघा. हा कागद मालकीचा पुरावा नाही, असं त्याच्यावरच छापलेलं असतं. तुमचं नाव तिथे गाडी सांभाळणारी व्यक्ती म्हणून आहे. हप्ते चालू असतील आणि करार तिकडे चालतो तसा पीसीपी (छोटे हप्ते आणि शेवटी एक मोठी रक्कम) किंवा हायर पर्चेसचा (हप्त्यांवर खरेदीचा) असेल, तर शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कायद्याने मालक फायनान्स कंपनी असते. तिच्या परवानगीशिवाय गाडी देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे आणायची म्हटलं तरी आधी सहा हजार पौंड भरून ती मोकळी करावी लागणार. हे मी तुमचं मन दुखवायला लिहीत नाही. ही गाडी तुमच्या घामाची आहे, यात शंकाच नाही. पण कागद काय म्हणतो हे तुम्हाला बंदरावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आता पैसे. हिशेब ढोबळ आहे, तरी चित्र स्पष्ट व्हायला पुरेसा आहे. कस्टम्स वापरलेल्या गाडीची किंमत धरताना तुम्ही ती कितीला घेतली हे बघत नाही. नवी असतानाची कारखान्याची किंमत धरून त्यातून घसारा वजा करतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. म्हणजे तीन वर्षांत जेमतेम ३८ टक्के. तुमच्या ३०,००० पौंडांतून तिथला २० टक्के व्हॅट काढला तर उरतात २५,०००. त्यातून घसारा वजा केला की सुमारे १६,००० पौंड. पौंड १२० रुपयांचा धरला तर हे झाले १९ लाखांच्या वर. जहाजभाडं आणि विमा मिळवून सोयीसाठी २० लाख धरू.

या २० लाखांवर मूळ सीमाशुल्क ७० टक्के, म्हणजे १४ लाख. त्याच २० लाखांवर कृषी पायाभूत सुविधा उपकर साडेसदुसष्ट टक्के, म्हणजे साडेतेरा लाख. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात वापरलेल्या गाड्यांचं शुल्क १२५ वरून ७० टक्क्यांवर आलं, ही बातमी तुमच्या मामांनीही वाचली असेल. पण त्याच वेळी हा उपकर लागला आणि एकूण भार होता तिथेच राहिला. तर आतापर्यंत गाडी पडली साडेसत्तेचाळीस लाखांना. या रकमेवर जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून दीड लिटर पेट्रोलच्या गाडीला तो ४० टक्के आहे, म्हणजे आणखी १९ लाख. शुल्कं मिळून साडेसेहेचाळीस लाख, आणि गाडी साडेसहासष्ट लाखांची. अजून ती बंदरावरच उभी आहे.

महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला एकरकमी वाहनकर २० टक्के आहे. तो शुल्कासकट पडलेल्या किमतीवर धरला तर आणखी दहा लाखांच्या वर जाईल. याच्या शेजारी दुसरा आकडा मांडून बघा. तिथे ही गाडी आज सतरा-अठरा हजार पौंडांना गेली, तर हप्ते फेडून तेरा-चौदा लाख रुपये तुमच्या हातात उरतात. इंग्लंडमध्ये खासगी गाडी विकल्यावर भांडवली नफ्याचा करही लागत नाही. त्या पैशांत थोडी भर घातली तर नागपुरात वॉरंटीसकट कोरी हायब्रिड येते, आणि गाडी आणण्यात गेले असते त्या साठ-सत्तर लाखांपैकी उरलेलं सगळं तुमच्याकडेच राहतं. परत आल्यावर पहिले काही महिने इथल्या पगाराची घडी बसायला लागतात. आईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं तर तो खर्च आहे, मुलाच्या शाळेचा आहे. ही रक्कम तुम्ही कस्टम्सच्या खिडकीत मोजून यावी, असं मला मनापासून वाटत नाही.

पैसे हाताशी आहेत असं धरलं, तरी पुढचा रस्ता लांब आहे. गाडी तिथून निघण्याआधी तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, आणि इथे उतरल्यावर आपल्या नियमांप्रमाणे चाचणी करून घ्यावी लागते. ती पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्था, नाहीतर मध्य प्रदेशातल्या बुधनीची केंद्रीय संस्था करते. इंग्लंडच्या गाड्यांत एक बारीक गोष्ट हमखास अडते. तिथला स्पीडोमीटर मैलांत असतो, किलोमीटरचे आकडे असले तर बारीक अक्षरात आत असतात. आपला नियम किलोमीटरचा आहे. डिजिटल पडदा असेल तर सेटिंग बदलून काम होतं, काटा असेल तर अख्खा संच बदलावा लागतो. या सगळ्यात दिवस जातात, आणि बंदरावर फुकटचे दिवस संपले की रोजचं भाडं चढायला लागतं. तुम्ही इथे मुलाच्या शाळेच्या रांगेत आणि गाडी तिकडे मुंबईत, अशी तुमची ओढाताण मला दिसते. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा खुला झाल्यापासून नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर एका दमात कापता येतात, पण नोंदणी न झालेली गाडी तुम्ही स्वतः चालवत आणू शकत नाही. एक तर तात्पुरती नोंदणी काढायची, नाहीतर कॅरियरवर चढवायची. मग गिरीपेठेतल्या आरटीओत बंदराची शुल्कपावती, चाचणीचं प्रमाणपत्र, तिकडची कागदपत्रं, विमा अशी थप्पी घेऊन जायचं. तिथल्या माणसांसमोर रोज आयात गाड्या येत नाहीत. फाइल पुढे सरकायला वेळ लागला तर त्यात कुणाचा वाईट हेतू असेलच असं नाही.

आणि ती इथे आल्यावर जगेल कशी? हा प्रश्न तुमच्या पत्रात नाही आणि एजंटही तो विचारणार नाही. इंग्लंडमध्ये साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याकडे आता पंपांवर २० टक्क्यांचं ई-ट्वेंटी मिळतं. तिकडच्या बाजारासाठी बनवलेल्या तुमच्या गाडीला हे पेट्रोल चालेल का, हे कंपनीला विचारावं लागेल, आणि ‘नाही’ असं उत्तर आलं तर नागपुरात रोज काय भरायचं? ते मॉडेल भारतात विकलं जात नसेल तर समोरच्या बंपरपासून सेन्सरपर्यंत प्रत्येक भाग बाहेरून मागवायचा. वर्धा रोडवर एखाद्या ऑटोने बाजूने घासून गेलं, तर नवा आरसा येईपर्यंत गाडी दारात उभी. हायब्रिडची बॅटरी आणि तिचं थंड ठेवायचं तंत्र नागपूरच्या मे महिन्यात कसं वागेल, याची हमी तिथला डीलर देणार नाही. या शहरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता, आणि ४५ तर आपल्याला दरवर्षीचं आहे. इथे विकायला बनवलेल्या गाडीचा एसी हा उन्हाळा गृहीत धरून बसवलेला असतो.

एजंटाबद्दल जरा कडक बोलते. ‘किंमत थोडी कमी दाखवू’ हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याच्याशी पुढे बोलूच नका. आयातीच्या कागदावर सही तुमची असणार आहे. खोटी किंमत दाखवली तर कस्टम्स कायदा, १९६२ प्रमाणे गाडी जप्त होते आणि दंड तुमच्या नावावर बसतो. एजंटाचा फोन तेव्हा लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांवर छापे घातले. इथे रीतसर नोंदणी झालेल्या, कित्येक हातांतून फिरलेल्या गाड्याही त्यात उचलल्या गेल्या. म्हणजे एकदा आरसी हातात आली की सुटलो, असंही नाही. काही जण असंही सुचवतात की कार्नेवर, म्हणजे गाडी तात्पुरती देशात आणायच्या कागदावर, आणा, मग इथे आल्यावर बघू. कार्ने हा पर्यटकाच्या गाडीसाठी आहे. गाडी मुदतीत परत बाहेर गेली पाहिजे, नाहीतर तारण ठेवलेली रक्कम जाते. तुम्ही कायमच्या येत आहात, तो तुमच्यासाठी नाहीच. नियमांबद्दल शंका राहिली तर आपल्या नागपुरातच विदेश व्यापार महासंचालनालयाचं कार्यालय आहे, तिथे अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. मामांना वाईट वाटू नये म्हणून एजंटाला लगेच तोडून टाकणं तुम्हाला अवघड जाईल. त्यांना हा वरचा हिशेब दाखवा. मामा तुमचं वाईट चिंतणारे नाहीत. त्यांना आकडे कुणी दाखवलेले नाहीत, इतकंच.

आता ज्या वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त थांबले, ते. ‘हात हलवत परत आल्यासारखं वाटेल.’ ताई, हे कुणाला वाटेल? पत्र वाचताना मला असं वाटलं, की गाडी आणायची इच्छा तुमची आहे, पण ती नागपुरात दिसायला हवी ही घाई दुसऱ्यांची आहे. नऊ वर्षं परक्या देशात, हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो अशा गावात, इस्पितळाच्या पाळ्या करून, मूल वाढवून, स्वतःच्या पगारातून तुम्ही गाडी घेतलीत. ते तुम्ही केलं आहे, आणि गाडी विकल्याने त्यातलं काहीही मागे जात नाही. परतण्याचं कारणही लपवण्यासारखं नाही. आईंना तुमची गरज आहे आणि तुम्ही येत आहात. गल्लीत कुणी ‘परत का आलीस गं’ असं विचारलं, तर त्याचं उत्तर परदेशी गाडीने द्यावं लागेल असं तुम्हाला का वाटतं, याचा एकदा शांतपणे विचार करा. कदाचित हा प्रश्न कुणी विचारणारच नाही, आणि तुम्ही मात्र त्याच्यासाठी पन्नास लाख तयार ठेवताय.

पण ‘माझ्या एकटीच्या नावावर’ ही गोष्ट मी हलकी मानत नाही. आपल्याकडे पन्नाशीच्या कितीतरी बायका अशा आहेत ज्यांच्या नावावर शिलाई मशीनसुद्धा नाही. म्हणून नागपुरात जी गाडी घ्याल ती तुमच्याच नावावर घ्या, आणि हे आत्ताच यजमानांशी बोलून ठरवा. विक्रीचे पैसे तुमच्याच खात्यात येतील, इथली नोंदणी तुमच्या नावाने होईल, हप्ता असला तर तो तुमच्या नावाने. ‘विकून ये’ असं म्हणणाऱ्या माणसाने हे लगेच मान्य करायला हरकत नसावी. यावर घरात कुरबूर झाली, तर मग तुमचा प्रश्न गाडीचा नव्हताच, आणि त्यासाठी मला वेगळं पत्र लिहा. मी उत्तर देईन.

आईंशीही बोला, आणि हे फोनवर नको, व्हिडिओवर बोला. त्यांनी शेजारी सांगितलं ते कौतुकाने. ‘आई, गाडीवर पन्नास लाख शुल्क आहे’ असं साधं सांगितलं तर माझ्या अंदाजाने त्याच म्हणतील, ‘बापरे, कशाला मग?’ त्यांना तुमची गाडी म्हणजे लेक हाताशी असणं, रविवारी तिच्यासोबत रामटेकला जाऊन येणं, दवाखान्याला ऑटोवाल्याची विनवणी न करणं. हे सगळं नागपुरात घेतलेल्या गाडीतही होतं. उलट दुखऱ्या गुडघ्यांना नीट बसता-उठता येईल अशी उंचीची सीट निवडायला मिळेल. तुमची आताची गाडी बसकी आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. शोरूममध्ये आईंना घेऊन जा, त्यांना पुढच्या सीटवर बसवा, दार उघडून उतरायला सांगा. जिच्यात त्या कुणाचा हात न धरता चढतील, ती घ्या.

घाईने विकायचीही गरज नाही. यजमान मार्चपर्यंत तिथे आहेत, तोवर गाडी त्यांच्या कामाला येईल. हप्ते त्यांनी चालू ठेवावेत आणि निघण्याच्या दोनेक महिने आधी विकायला काढावी. फक्त विम्यात चालक म्हणून त्यांचं नाव आहे ना, हे बघा, आणि तुम्ही देश सोडल्याचं विमा कंपनीला कळवा. न कळवलेल्या बदलावर दावा नाकारला जाऊ शकतो. विकताना डीलर आणि ऑनलाइन खरेदीदार अशा दोन-तीन ठिकाणी भाव काढा, आणि फायनान्स कंपनीकडून आजची फेडीची रक्कम लेखी घ्या. विकल्या दिवशीच तिथल्या वाहन खात्याला, डीव्हीएलएला, कळवलं की उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स आपोआप परत येतो.

इतर वाचकांसाठी थोडं. अमेरिका, जर्मनी किंवा दुबईहून परतणाऱ्यांचीही अशी पत्रं येतात. तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे परतताना ती गाडी आणायचा प्रश्नच येत नाही. कुणी स्टिअरिंग बदलून देतो म्हटलं तरी त्यात पडू नका. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, मलेशिया, जपान, दक्षिण आफ्रिका इथली उजव्या स्टिअरिंगची गाडी निदान विचारात घेता येते, पण वय आणि शुल्क यांचा हिशेब ताईंसाठी केला तोच. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्केच असल्यामुळे आकडा खाली येतो, तरी सीमाशुल्क आणि उपकर तेवढेच राहतात. गाडी आपल्या किमतीच्या अडीचपटीला जाऊन पडते.

उलट्या दिशेने जाणाऱ्यांनी, म्हणजे नागपूरहून नोकरीसाठी बाहेर निघालेल्या तरुण मंडळींनी, आपली लाडकी गाडी सोबत नेण्याचा विचार सरळ सोडावा. अमेरिकेत तिथल्या सुरक्षा नियमांप्रमाणे न बनलेली गाडी २५ वर्षांची झाल्याशिवाय कायमची आणता येत नाही. आखाती अमिरातीत उजव्या स्टिअरिंगची गाडी नोंदली जात नाही. ब्रिटनमध्ये बाहेर वर्षभर राहिलेल्या आणि सहा महिने गाडी वापरलेल्या माणसाला शुल्कमाफी मागता येते, पण नोंदणीआधीच्या मंजुरीचा आणि बदलांचा खर्च आपल्या साध्या हॅचबॅकच्या किमतीला भारी पडतो. त्यापेक्षा जाण्याआधी इथेच विका आणि आरसी दुसऱ्याच्या नावावर चढल्याची खात्री करूनच विमानात बसा. ‘बाबा अधूनमधून सुरू करतील’ म्हणून खाली उभ्या ठेवलेल्या गाडीची बॅटरी जाते, विमा संपतो, आणि चलान मात्र मालकाच्या मोबाइलवर परदेशात येत राहतं.

ताई, तुमच्यासाठी दोन कामं राहिली. तिथल्या विमा कंपनीकडून नो-क्लेमचा दाखला तुमच्या नावाने, किती वर्षं दावा नाही हे लिहून, घेऊन ठेवा. नागपुरात नव्या गाडीचा विमा उतरवताना तो दाखवा आणि त्यावर सूट मिळते का ते विचारा. तिकडून निघाल्यावर हा कागद मागवणं कटकटीचं होतं. आणि तुमचं जुनं नागपूरचं लायसन्स काढून त्यावरची मुदत बघा. संपून वर्षाहून जास्त झालं असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागेल. सारथी पोर्टलवर अर्ज भरता येतो, दिवाळीच्या गर्दीआधीची तारीख मिळेल असं बघा. इंग्लंडमध्ये नऊ वर्षं क्लच न दाबता गाडी चालवली असेल, तर चाचणीला ऑटोमॅटिक घेऊन गेलेलं चालेल का, हे गिरीपेठेत आधीच विचारून या.